समोरच्या खोलीतला प्लग

माझे वडील अकोल्यात कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. यंत्रांच्या आवाजात त्यांचे कान गेले, पण इतके हळूहळू की घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. जेवताना ते आईच्या तोंडाकडे एकटक पाहत. लहानपणी मला वाटायचं, बाबा आईवर रागावले आहेत. ते ऐकत होते, हे फार उशिरा कळलं. जिनिंगमधली माणसं तशीच बोलतात. हंगामात आत शिरलं की आवाज काढायचाच नाही. ओठ हलवायचे, हाताने खूण करायची. त्यामुळे बाबांना समोरच्याचा चेहरा दिसला की पुरतं. तो दिसला नाही, की माणूस त्यांच्या लेखी नसतोच.

कानातलं यंत्र मी घेऊन दिलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवलं, ते तिथेच आहे.

आई गेल्यावर मी त्यांना अमरावतीला आणलं. महिनाभर राहिले. मग म्हणाले, "तुमच्या इथं मले कोणी ओळखत नाही. मी आपला घरी बरा." मी फार आग्रह केला नाही. केला असता तर ते राहिले असते असं नाही, पण केला नाही हे खरं. अकोला काही दूर नाही. मूर्तिजापूरवरून बसने अडीच तास, बडनेऱ्याहून गाडी मिळाली तर त्याहून कमी. दर शनिवारी येत जाईन असं मी सांगितलं होतं. पहिले काही महिने गेलोही. मग एका शनिवारी मुलीची परीक्षा, एका शनिवारी कार्यालयात तपासणी, एका शनिवारी नुसता कंटाळा.

तेव्हा मी त्यांच्या घरी इंटरनेट बसवलं. समोरच्या खोलीत, खिडकीजवळच्या विजेच्या बोर्डापाशी राउटर. टेबलावर स्टँडला टेकवलेला टॅब. संध्याकाळी सात वाजता मी अमरावतीहून व्हिडिओ कॉल लावायचो, ते टॅबसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि माझ्या ओठांकडे पाहायचे. जेवण, कापसाचा भाव, कोण वारलं, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं. वीसेक मिनिटं. फोन ठेवला की दिवसाचं एक काम झाल्यासारखं मला वाटायचं. शनिवार त्यानंतर पूर्णच सुटले.

जोडणी माझ्या नावावर होती, नोंदवलेला नंबरही माझाच. बिल दर महिन्याला माझ्या खात्यातून आपोआप कटायचं. लाइन बिघडली तर ॲपवर मीच तक्रार टाकायची आणि अकोल्यात माणूस बाबांकडे जायचा. काम झालं की माझ्या मोबाइलवर चार आकडी कोड यायचा. तो माणूस फोन करून कोड विचारायचा, मी सांगायचो, तक्रार बंद. कोड मिळाल्याशिवाय त्या माणसाचं काम झालं असं कंपनी धरत नाही, आणि ठरलेल्या वेळेत कोड मिळाला नाही तर त्याचे पैसे कापले जातात. हे सगळं त्यानेच मला एकदा सांगितलं होतं.

तो म्हणजे बाबांच्या भागाचा लाइनमन. माझ्याच वयाचा, पन्नाशीचा. पूर्वी त्याचा स्वतःचा केबलचा धंदा होता. गच्चीवर छत्री, आणि दर महिन्याला पावतीपुस्तक घेऊन दारोदार. आमच्याकडे तो तेव्हापासून यायचा. पुढे धंदा बसला आणि तो एका ठेकेदाराकडे रोजावर लागला. बाबांना तो काकाजी म्हणायचा. त्यांच्याशी बोलताना टोपी काढून तोंड वर करायचा, म्हणजे ओठ दिसावेत. हे मी पाहिलं होतं आणि विसरलो होतो.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बाबा कूलरमध्ये पाण्याची बादली ओतायला गेले आणि घसरून पडले. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सावकाश सांगितलं, "आता कूलर बंद. पुढच्या उन्हाळ्यात एसी बसवतो. कूलर बाहेर काढलेला मला दिसला तर मी तुम्हाला अमरावतीला घेऊन जाईन. मग नाही म्हणायचं नाही." त्यांनी मान हलवली. लोखंडी कूलर मी मागच्या खोलीत ढकलला आणि त्यावर चादर टाकली.

पुढचा उन्हाळा आला. एसीसाठी घरातली वायर बदलावी लागणार होती, त्यासाठी दोन दिवस रजा घेऊन अकोल्यात राहायला हवं होतं. मार्चमध्ये म्हटलं एप्रिलमध्ये करू. एप्रिलमध्ये म्हटलं, मार्चएंडची कामं अजून निघतायत.

एप्रिलच्या मध्यापासून सात वाजताचा कॉल लागेनासा झाला. एक दिवस लागायचा, दोन दिवस नाही. मी साधा फोन करायचो. बाबा तो उचलायचे आणि मी काही बोलण्याआधीच मोठ्याने सांगायचे, "आवाज येत नाही. लाइन गेली आहे. मी बरा आहे. जेवलो. ठेवतो." आणि ठेवायचे. त्यात माझं काहीच नसायचं. भिंतीला कान लावल्यासारखं वाटायचं मला.

मी तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"साहेब, लाइन चालू झाली. कोड सांगा बरं."

"काय झालं होतं?"

"काही नाही, राउटरची डबी बंद होती. चालू केली."

मी कोड सांगितला. संध्याकाळी सातला कॉल लावला, लागला नाही.

असं चार वेळा झालं. चारही वेळा तो गेला, चारही वेळा मी कोड दिला, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, "सर, आमच्याकडून तुमची लाइन चालू दिसते आहे." बिल मात्र त्या महिन्याचंही पूर्ण कटलं. तिसऱ्या वेळी मी त्याला झापलं.

"अहो, तुम्ही काम करता की नुसते कोड गोळा करता?"

तो म्हणाला, "साहेब, लाइनचं काम नाही हे. बोर्डाचं आहे. एकच प्लग चालते इथं, दुसरा जळेल आहे. तुमी म्हणसान तर मी बदलून देतो बोर्ड. पण घर तुमचं, तुमचं हो पाहिजे."

"त्याचे पैसे वेगळे, नाही का?" मी म्हटलं. "आधी बिघडवायचं, मग वरचं काम काढायचं. नसत्या भानगडीत पडू नका. इंटरनेट चालू करा."

"तुमी एकदा येऊन पाहा ना, साहेब."

बाप एकटा राहतो आणि पोरगा फिरकत नाही, असं हा मला सुनावतो आहे, असंच मी ते घेतलं. तो तसं सुनावत नव्हता. पण तसं कुणी सुनावलं असतं तर ते खोटं नव्हतं, म्हणून तर इतकं झोंबलं.

चौथ्या वेळी कोड देऊन मी त्याच संध्याकाळी तक्रार लिहायला बसलो. आता जे सांगायचं आहे ते मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. माझी सगळी नोकरी कागद लिहिण्यात गेली. कुठला शब्द घातला की वरचा अधिकारी हलतो, कुठल्या वाक्यानंतर खालच्या माणसाला उत्तर देता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी लिहिलं की सदर कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष दुरुस्ती न करता ग्राहकाकडून वारंवार कोड मिळवून कंपनीची व ग्राहकाची फसवणूक केली. वयोवृद्ध व कर्णबधिर नागरिकाच्या असहायतेचा गैरफायदा घेतला. अतिरिक्त कामाच्या नावाखाली पैशाची मागणी केली. चारही तक्रारींचे क्रमांक जोडले. दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य मला फार जमलेलं वाटलं.

आठवड्याच्या आत वरून फोन आला. एका बाईंनी दिलगिरी व्यक्त केली. संबंधित माणसाला काढून टाकलं आहे, त्या भागात नवीन माणूस दिला आहे, आणि झालेल्या त्रासाबद्दल एक महिन्याचं बिल माफ. "आपलं समाधान झालं असेल तर तक्रार बंद करायला आपल्या मोबाइलवर आलेला कोड सांगता का, सर?"

मी कोड सांगितला. कॉल अजूनही लागत नव्हता, हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. माझं समाधान झालं होतं.

पुढच्या आठवड्यात नवा माणूस बाबांकडे जाऊन आला. त्याने फोन केला नाही, ॲपवर शेरा टाकला: ग्राहकाने राउटरची वीजजोडणी काढलेली. सोबत फोटो. खिडकीखालचा आमचा बोर्ड. डावीकडचा प्लग काळा पडलेला, त्यावर चिकटपट्टी. राउटरची वायर खाली लोंबत होती. आणि उजवीकडच्या प्लगमध्ये एक जाड करडी वायर गेली होती, मध्ये एका ठिकाणी लाल टेप गुंडाळलेली. तो टेप मीच गुंडाळला होता, बारावीत असताना. कूलरची वायर होती ती.

जेवायच्या सुट्टीत कार्यालयातल्या खुर्चीवर बसून मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "काय साहेब, प्लॉट पाहून राहिले का?" मी मोबाइल उलटा ठेवला.

शनिवारी न कळवता अकोल्याला गेलो. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आमचं फाटक उघडं होतं, अंगणातल्या नळाला निळी पाइप लावलेली आणि ती खिडकीकडे गेलेली. खिडकीपाशी तो जुना लाइनमन उभा होता. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात पाइप. कूलरच्या टाकीत पाणी सोडत होता.

मला पाहून त्याने पाइप तशीच धरून ठेवली.

"आले का, साहेब," तो म्हणाला. "बरं झालं."

आत बाबा बनियनवर, कूलरच्या थेट वाऱ्यात बसले होते. मला दारात पाहून ते उठले आणि पहिली गोष्ट काय केली, तर जाऊन कूलरचं बटण बंद केलं. शाळेत मास्तरांनी गोट्या पकडल्यावर मी खिशावर हात ठेवायचो, तसे ते बटणावर हात ठेवून उभे राहिले. एकोणऐंशी वर्षांचा माझा बाप.

"मी नाही भरत पाणी," ते म्हणाले. "हा भरून देतो. इचार त्याले. बादली मी उचलली नाही."

मी जाऊन बटण पुन्हा सुरू केलं.

मग हळूहळू सगळं कळलं. एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा राउटर काढून त्या प्लगमध्ये टेबलफॅन लावलेला, आणि बाबा ओला पंचा डोक्यावर घेऊन फरशीवर पडून होते. मागच्या खोलीतला कूलर त्यानेच खिडकीपाशी ओढून आणला, जाळ्यांतलं गवत बदललं, पाणी भरलं. प्लग एकच. बाबांनी राउटर काढून कूलर लावला. सातच्या आधी कूलर काढून राउटर लावायचा, आणि मला कूलर दिसू नये म्हणून टॅब दुसऱ्या भिंतीकडे वळवायचा असं ठरलं होतं. पण मे लागल्यावर सात वाजताही भिंती तापलेल्या असायच्या, आणि राउटर लावला की त्याचे दिवे स्थिर व्हायला पाच-दहा मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात बाबांना वाटायचं, मी कॉल लावून गेलो. मग ते पुन्हा कूलर लावायचे. त्याने दर वेळी राउटर लावून लाइन दाखवली, दर वेळी टाकी भरली, दर वेळी माझ्याकडे कोड मागितला.

"मग मला सरळ का नाही सांगितलं, कूलर लावतात म्हणून?"

तो हसला. "काकाजीनं हात जोडले ना, साहेब. म्हणे, पोराले सांगू नको, तो मले घेऊन जाईन. आता म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडू का?"

बाबा आम्हा दोघांच्या ओठांकडे आलटून पालटून पाहत होते. एवढ्यात तो उठला, खिडकीकडे तोंड केलं, बाबांकडे पाठ करून पाइप गुंडाळू लागला आणि हलक्या आवाजात मला म्हणाला, "काम सुटलं ते काकाजीले माहीत नाही. त्यायले वाटते, मी ड्युटीवरच येतो. सांगू नका. मनाले लावून घेतीन."

त्याला माहीत होतं. माझी तक्रार त्याला ठेकेदाराने वाचून दाखवली होती, सही घेण्याआधी.

"तरीही तुम्ही येता?" माझ्या तोंडून निघालं.

"कूलरले काय माहीत, कोण कामावर आहे," तो म्हणाला. "पाणी दोन दिवसात संपते."

पाइप ठेवायला तो अंगणात गेला, तिथे मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. बहुतेक कार्यालयातल्यासारखीच, 'माझ्याकडून गैरसमज झाला' अशी. त्याने ऐकून घेतलं. "लिहिता मात्र तुमी चांगलं," एवढंच म्हणाला, आणि त्यात टोमणा किती होता ते मी ठरवू शकलो नाही.

त्याच दिवशी त्याने बोर्ड बदलला. मी स्टुलावर उभा राहून बॅटरी धरली. नवे चार प्लग. एकात राउटर, एकात कूलर. काम झाल्यावर त्याने हात पुसले आणि मी सवयीने मोबाइल काढला, कसला तरी आकडा सांगायचा असल्यासारखा. त्याने पाहिलं आणि पक्कड पिशवीत टाकली.

सोमवारी मी कंपनीला पत्र लिहिलं. आधीची तक्रार चुकीची होती, दोष माझा होता, त्या माणसाला परत घ्यावं. उत्तर आलं की सदर तक्रार ग्राहकाच्या संमतीने बंद झालेली असून ती पुन्हा उघडता येत नाही. ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, जागा भरली आता. आणि कागद वर गेलेला माणूस मी कसा ठेवू?" मी तीनदा लिहिलं. माफ झालेलं बिल परत लावा, असंही लिहिलं. त्यासाठी ॲपमध्ये रकानाच नाही. त्या महिन्याचं बिल आजही शून्य दिसतं.

तो आता बाळापूरकडे कॅमेरे बसवायच्या कामाला जातो, रोजाचं काम मिळालं तर.

यानंतर कॉल रोज लागू लागला. बाबा टॅबसमोर बसायचे, मागे कूलर, वाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं हलायची. आम्ही बोलायचो. जेवण, भाव, कोण वारलं. ते म्हणायचे, "तो पाणी भरून लगेच निघून जातो आता, बसत नाही. ड्युटी वाढली का त्याची?" मी म्हणायचो, "वाढली असेल." त्याने जे झाकायला सांगितलं होतं, त्याचाच मी पडदा करून घेतला. त्याने बापासाठी सांगितलं होतं, मी ते स्वतःसाठी वापरलं. असे तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांतही मी अकोल्याला गेलो नाही. कॉल लागत होता ना.

एका संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "त्याले घरी जेवाले बोलावू का एखाद्या दिवशी? तू असशील तेव्हा. त्यानं फार केलं."

मी टॅबसमोर सरकून बसलो. आवाज काढायची गरज नव्हती, म्हणून काढलाच नाही. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, तिला ऐकू जाऊ नये हेही मनात होतं. नुसते ओठ हलवून मी सांगितलं: तो ड्युटीवर नाही. त्याचं काम गेलं. माझ्यामुळे. मी खोटी तक्रार केली. तो कोड घेऊन फसवतो, असं लिहिलं. तुमच्या म्हातारपणाचा फायदा घेतो, असंही लिहिलं.

बाबा हलले नाहीत. डोळे माझ्या ओठांवर, हात मांडीवर. मला वाटलं चित्र अडकलं, लाइन गेली. मनात क्षणभर सुटकाच वाटली, हेही लिहून टाकतो. पण त्यांच्या मागे कॅलेंडरची पानं हलत होती.

त्यांनी खूप वेळाने हात वर केला. जिनिंगमध्ये यंत्र थांबवायची जी खूण असते, तळहात पुढे, तशी.

"असं नाही," ते म्हणाले. "फोनवर मले समजत नाही हे. इथं येऊन सांग."

त्यांना समजलं होतं. एकेक शब्द समजला होता.

"त्याच्यापुढं सांग," ते म्हणाले. "मी त्याले बोलावतो रविवारी." आणि त्यांनी हात पुढे करून, पहिल्यांदाच माझ्या आधी, कॉल बंद केला.

रविवारी सकाळी मी पहिल्या बसने निघालो.